न दिसणारा घाम

मे महिन्यात चिपळूणजवळच्या एका गावात हजला निघालेल्यांच्या तरबियत (प्रशिक्षण) शिबिरात बोलायला गेलो होतो. मदरशाच्या लांबट खोलीत चार पंखे गरगरत होते, तरी प्रत्येकाच्या पाठीला कपडा चिकटलेला. पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "डॉक्टर, उन्हाचं आम्हाला काय सांगता? सारा जन्म शेतात गेला. घाम पुसत पुसतच म्हातारे झालो."

मी खिशातला रुमाल बादलीत बुडवला, घट्ट पिळला आणि खिडकीच्या गजाला बांधला. तासाभराने बोलणं संपलं तेव्हा तो दमटच होता. आजोबांना तो चाचपून पाहायला लावला आणि सांगितलं, मक्केत जूनच्या दुपारी हा काही मिनिटांत कडक वाळतो. तुमच्या कपाळावरचा घामही तसाच वाळेल. तुम्ही पुसायला हात न्याल तर कपाळ कोरडं लागेल. तुम्हाला वाटेल, घामच आला नाही. प्रत्यक्षात तासाभरात लिटरभर पाणी अंगातून गेलेलं असेल.

कोकणातल्या माणसाला मक्केचं ऊन फसवतं ते इथे. आपल्याकडे घाम दिसतो, चिकटतो, नकोसा करतो आणि म्हणून आपण सावलीला जाऊन बसतो, पाणी मागतो. मक्केत ही सूचना मिळतच नाही.

घाम आल्याने शरीर गार होत नाही, तो वाळल्याने गार होतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. माणूस साध्या चालीने चालला तरी तासाला अडीचशे-तीनशे किलोकॅलरी उष्णता त्याचं शरीर स्वतःच तयार करतं. पुण्यातल्या सकाळी त्यातली बरीचशी आजूबाजूच्या हवेत निघून जाते, कारण हवा त्वचेपेक्षा थंड असते. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश. हवा ४५ अंशांवर गेली की ओघ उलटा फिरतो आणि हवाच अंगात उष्णता भरू लागते. वरून सूर्य, खालून डांबर, बाजूला मक्केचे उघडे काळे खडकाळ डोंगर. अशा वेळी बाहेर जायला एकच दार उरतं, ते घामाचं. कोरड्या हवेत ते सताड उघडं असतं ही देवाची दया, पण ते उघडं ठेवायला पाणी आणि मीठ सतत पुरवावं लागतं. आणि ते पाणी त्वचेपर्यंत पोचवायला हृदयाला दुप्पट-तिप्पट राबावं लागतं. साठी ओलांडलेल्या, कधी अँजिओप्लास्टी झालेल्या हृदयाला.

२०२४ साली हे सगळं एकदम घडलं. १४ ते १९ जून असा त्या वर्षीचा हज. १८ लाखांहून अधिक माणसं आली होती. १७ जूनला मक्केच्या मोठ्या मशिदीपाशी तापमान ५१.८ अंशांवर गेलं. हज संपल्यावर सौदी सरकारने मृतांचा आकडा जाहीर केला, तो १,३०१ होता. त्या यात्रेत ९८ भारतीय वारल्याचं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं. त्यात आजारपण, म्हातारपण, अपघात अशी सगळी कारणं होती.

मला सौदी निवेदनातली दुसरी संख्या जास्त अस्वस्थ करते. मृतांपैकी ८३ टक्के माणसं परवान्याशिवाय आलेली होती. हजचा अधिकृत व्हिसा महाग आणि मोजका, म्हणून कोणी भेटीच्या व्हिसावर, कोणी दलालाच्या शब्दावर आलेलं. परवाना नाही म्हणजे बसमध्ये जागा नाही, मिना या मुक्कामाच्या वातानुकूलित तंबूत जागा नाही, अराफातच्या मैदानातल्या मंडपात जागा नाही. ही माणसं भर उन्हात मैलोन् मैल चालली. मृतांत इजिप्तचे लोक सर्वांत जास्त होते. नंतर इजिप्तच्या सरकारने १६ पर्यटन कंपन्यांचे परवाने रद्द केले. सूर्य सगळ्यांवर सारखाच तळपत होता. सावली मात्र परवाना असलेल्यालाच होती. म्हणून गावोगावच्या शिबिरांत मी पहिलं वाक्य हे बोलतो: कोणी "स्वस्तात, कोट्याबाहेर नेतो" म्हणाला तर तो तुमची सावली विकून पैसे घेतोय. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, सौदीने विनापरवाना येणाऱ्यांना कसून अडवलं, सावलीच्या आणि गारव्याच्या सोयी वाढवल्या. उन्हाने आजारी पडणाऱ्यांची संख्या खूपच खाली आली.

आता प्रत्यक्ष वाट पाहू. हजचे पाच-सहा दिवस म्हणजे मक्का, मिना, अराफात, मुजदलफा, पुन्हा मिना, पुन्हा मक्का असा फेरा. मक्केतला काबा सोडला तर बाकीची ठिकाणं एका लांबट खोऱ्यात आहेत. मिना ते अराफात जवळपास १४ किलोमीटर. २०१० पासून मिना, मुजदलफा आणि अराफात जोडणारी रेल्वे धावते, बसगाड्याही असतात, तरी दर टप्प्यावर काही चालणं उरतंच. काबाभोवतीचे सात फेरे (तवाफ), सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात खेपा (सई), म्हणजे तीन किलोमीटरच्या वर, हे बहुतेक थंडाव्यात होतं. सईची वाट आता वातानुकूलित आहे आणि काबाभोवतीचं पांढरं संगमरवर ग्रीसमधल्या थासोस बेटावरचं, उन्हातही न तापणारं. पण मशिदीच्या दारात चप्पल हरवते. हा किस्सा प्रत्येक हाजी घरी आल्यावर हसत सांगतो. मला त्यात हसू येत नाही. बाहेरचं डांबर संगमरवरासारखं नसतं. वीस वर्षं मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायाची जाणीव बऱ्याचदा गेलेली असते. तो नुसत्या मोज्यांवर खोलीपर्यंत चालत येतो, त्याला काही कळत नाही, आणि संध्याकाळी मोजा काढताना तळव्याची कातडी मोज्याबरोबर येते. चपला पिशवीत घालून सोबत आत न्याव्यात. मधुमेह असेल तर पिशवीत दुसरा जोडही असावा.

अराफातचा दिवस सगळ्यात कठीण. जिलहज महिन्याची ९ तारीख, दुपार कलल्यापासून सूर्यास्तापर्यंत तिथे थांबायचं, दुआ मागायची. हजचा गाभा हाच. मैदानातल्या जबल-ए-रहमत या छोट्या टेकडीवर त्या दिवशी माणसांचा पांढरा ढीग दिसतो, वर्तमानपत्रातला फोटो नेहमी त्याचाच असतो. त्या फोटोमुळे कित्येकांना वाटतं, टेकडी चढल्याशिवाय अराफात झालंच नाही. आलिम, म्हणजे धर्मपंडित मंडळी शिबिरात हे स्पष्ट सांगतात, तरी मीही सांगतो: टेकडी चढणं आवश्यक नाही. अराफातच्या हद्दीत कुठेही, तंबूच्या सावलीत बसून केलेला वुकूफ (तिथलं थांबणं) पूर्ण असतो. भर दुपारी तापल्या खडकावर चढणाऱ्या सत्तरीच्या माणसाला त्याच्या धर्माने तिथे पाठवलेलं नसतं.

आणि त्या मैदानात सावली आहे, तीही आपल्या ओळखीची. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात अराफातवर सुमारे ५० हजार कडुनिंबाची झाडं लावली गेली. कमी पाण्यावर जगणारं, उन्हाळ्यात पानं टिकवून धरणारं झाड म्हणून कडुनिंब निवडला. इंडोनेशियाचे हाजी त्याला सुकर्णोंचं झाड म्हणतात. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी ते सुचवलं असं ते मानतात. गुढीपाडव्याला ज्याचा पाला आपण चावतो त्याच झाडाखाली लाखो माणसं दुआ मागत बसतात. परत आलेल्या मराठवाड्यातल्या बायकांनी मला हे सांगितलंय. परक्या मुलखात लिंब दिसला आणि माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं, असं.

आता डोक्याविषयी. एहराममधल्या, म्हणजे हजच्या व्रतस्थ अवस्थेतल्या, पुरुषाने टोपी, फेटा, रुमाल डोक्यावर घ्यायचा नसतो. बायकांचं डोकं झाकलेलंच असतं. पण डोक्याला न टेकणारी छत्री वेगळी. सुन्नी परंपरेत ती चालते, आणि खुद्द पैगंबरांवर त्यांच्या साथीदाराने उन्हापासून आडोसा म्हणून कापड धरलं होतं, अशी नोंद हदीसच्या संग्रहात आहे. तरीही दर शिबिरात दोघं-तिघं विचारतात, "छत्री घेतली तर सवाब (पुण्य) कमी होईल का?" इस्ना अशरी शियांमध्ये एहराममधल्या पुरुषाने प्रवास करताना सावलीखाली जाण्याबद्दलचे नियम कडक आहेत, त्यांनी आपल्या आलिमांना निघण्याआधीच विचारून घ्यावं, रात्रीचा प्रवास आखावा. मुक्कामी तंबूत बसायला मात्र त्यांनाही अडचण नाही.

माझ्या वाचनात आणि ऐकण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली आहे. हजच्या नियमांत अशक्तांसाठी सवलती ठायी ठायी आहेत. सैतानाचं प्रतीक असलेल्या जमरातवर खडे मारायला जाता येत नसेल तर दुसऱ्याला नेमता येतं. म्हातारे, आजारी, बायका मुजदलफातून मध्यरात्रीनंतर लवकर निघू शकतात. अशक्तांना खडे रात्री मारता येतात. तवाफ आणि सई चाकाच्या खुर्चीवर होते. हज फर्जच मुळी ज्याला ऐपत आणि ताकद आहे त्याच्यावर आहे. आणि तरी आमची माणसं सवलत घ्यायला लाजतात. आयुष्यभर पैसे साठवून, मुलीचं लग्न, घराचं छप्पर सगळं उरकून, साठीत एकदाच जायला मिळालेलं असतं. त्यात काही कमी राहू नये ही तळमळ. ती तळमळ मी समजू शकतो. पण दुपारी दीडला जमरातच्या गर्दीत शिरणाऱ्या माणसाला मला खांदा धरून सांगावंसं वाटतं: बाबा, सूर्य मावळू दे. खडे तेच आहेत.

त्या चिपळूणच्या शिबिरात एका आजीने नातीच्या हातून औषधांची कापडी पिशवी पुढे केली. नात असेल नऊ-दहा वर्षांची. पिशवीतली रक्तदाबाची पट्टी मी उजेडात धरली. टेल्मिसार्टन, आणि नावापुढे एक बारीक 'एच'. ते एक अक्षर म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारं औषध. रत्नागिरी जिल्ह्यात ते आजींचा रक्तदाब छान सांभाळतं. अराफातच्या दुपारी तेच औषध घामाच्या जोडीने अंग कोरडं करतं. हृदयाचा वेग आवरणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या, सर्दीच्या आणि प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घेतलेल्या काही गोळ्या, मधुमेहाच्या नव्या गोळ्यांपैकी लघवीतून साखर काढणाऱ्या, मनाच्या आजाराची काही औषधं, ही सगळी उष्णतेत शरीराचा तोल बिघडवतात. कृपा करून हे वाचून गोळी बंद करू नका. निघण्याच्या महिनाभर आधी पट्ट्या घेऊन आपल्या डॉक्टरकडे जा आणि "मी पन्नास अंशांत चालणार आहे, मात्रा बदलायची का?" एवढं विचारा. इन्सुलिन घेणाऱ्याने कुपी उन्हात ठेवलेल्या बॅगेत टाकू नये. थंड ठेवणारी छोटी पिशवी आता कोणत्याही मोठ्या औषधाच्या दुकानात मिळते.

आजींशी बोलताना अजून एक गोष्ट बाहेर आली, जी त्या सगळ्यांसमोर बोलल्या नसत्या. "पाणी कमीच पिईन मी. तिथे संडासाला रांगा फार, असं शेजारणीने सांगितलंय." मिना आणि मुजदलफात बायकांच्या रांगा लांब असतात हे खरं आहे. पाणी न पिऊन रांग टाळणाऱ्या बायका आजारी पडतात हेही खरं. उपाय म्हणून मी एवढंच सांगू शकतो: रांग नसताना, नमाजाच्या वेळा सोडून मध्येच जाऊन यावं, म्हणजे पाण्याची भीती वाटत नाही. तहान लागायची वाट पाहू नये. वयाबरोबर तहानेची जाणीव मंद होते. लघवी फिकट पिवळी असली तर ठीक, गडद झाली की पाणी कमी पडतंय. नुसतं पाणीच ढोसलं तरी रक्तातलं मीठ उतरतं, म्हणून जेवण सोडू नये आणि ओआरएसची पाकिटं सोबत ठेवावीत. एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी दिवसाला किती पाणी हे डॉक्टरकडून लिहून घ्यावं. कोकमाचं आगळ डब्यात नेणारी मंडळी आहेत; चिमूटभर मीठ घालून घेतलेलं ते सरबत चालतं, फक्त त्यावरच विसंबू नये.

पूर्वी आपल्याकडचे हाजी मुंबईहून जहाजाने जात. हा सागरी मार्ग १९९५ पर्यंत चालू होता. मुंबईच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग आठवडाभर समुद्र. तो प्रवास त्रासाचा होता, पण एक फायदा होता: शरीराला उष्णतेची ओळख हळूहळू होई. आज मुंबई किंवा नागपूरहून विमानात बसलं की काही तासांत जेद्दाह. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला सात ते चौदा दिवस लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयाची धडधड कमी होते. म्हणून जायच्या महिनाभर आधीपासून रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास चाला. मक्केत पोचल्यावर पहिले दिवस उमऱ्यांची, म्हणजे छोट्या यात्रांची, संख्या वाढवण्यात घालवू नका. ताकद अराफातसाठी राखा.

लस आणि खोकला यांचं थोडक्यात. मेंदूज्वराची लस सक्तीची आहे, आणि तिला कारण आहे: २००० च्या हजनंतर मेंदूज्वराच्या एका प्रकाराची साथ हाजींबरोबर अनेक देशांत पोचली होती. परतलेल्या बहुतेकांना खोकला असतोच. तापासह धाप लागत असेल तर डॉक्टरला "हजहून आलोय" हे आवर्जून सांगावं. उंटांच्या जवळ जाऊ नये आणि त्यांचं कच्चं दूध पिऊ नये, तिथल्या एका श्वसनविकाराचा विषाणू त्यांच्यात असतो.

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहिलं ते. आपल्या गटातला माणूस चिडचिडा झाला, भलतंच बोलू लागला, तंबूचा रस्ता चुकला, अडखळला, तर त्याला थकवा समजू नका. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की मेंदू आधी बिघडतो, त्यालाच उष्माघात म्हणतात. "घाम थांबला म्हणजे उष्माघात" हे जुनं लक्षण अर्धंच खरं आहे. चालता चालता कोसळलेल्याचं अंग ओलंही असू शकतं. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, कारण हा ताप जंतूंचा नाही. सावलीत न्या, वरचा कपडा बाजूला करा, अंगभर पाणी ओता, आणि वारा घाला. पुठ्ठा, चटई, जाएनमाज, जे हाताशी असेल त्याने. काख, मान, जांघेत बर्फ. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. रुग्णवाहिकेसाठी ९९७. हाजींना सौदी रुग्णालयांत उपचार मोफत असतात, तेव्हा पैशांच्या विचाराने कोणी मिनिटही घालवू नये.

पाणी आणि वारा हा घरगुती उपाय वाटेल, पण तो शास्त्राने तपासलेला आहे, आणि तेही याच यात्रेसाठी. १९८० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात वायनर आणि खोगाली या दोघांनी एक यंत्र मांडलं. रुग्णाला जाळीच्या झोळीवर निजवायचं, १५ अंशांच्या पाण्याचा बारीक फवारा अंगावर आणि सोबत गरम हवेचा झोत. गरम हवा का? कारण त्वचा एकदम गारठली तर तिच्या रक्तवाहिन्या आकसतात, अंग थरथरू लागतं आणि आतली उष्णता आतच कोंडते. त्वचा ३२-३३ अंशांवर ठेवून पाणी झपाट्याने वाळवत राहायचं. मक्केचं शीतक यंत्र म्हणून ते ओळखलं गेलं. म्हणजे खिडकीला बांधलेला माझा रुमालच, फक्त माणसाएवढा मोठा. १९८५ च्या ऑगस्टमधल्या हजमध्ये थोड्या दिवसांत हजारावर माणसं उन्हाने गेली होती. तेव्हापासून फवारे, पांढरे थंड रस्ते, आच्छादलेल्या वाटा, शीतक खाटा यांत प्रचंड भर पडली आहे.

आपल्याकडे हे कळायला मक्केला जायची गरज नव्हती. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्या १४ जणांचा उन्हाने जीव गेला. तिथे पारा पन्नास अंशांच्या जवळपासही नव्हता. पण हवा दमट होती, आणि दमट हवेत घाम वाळत नाही.

हे दमटपण मक्केलाही पुढे भेटणार आहे. चांद्र वर्ष छोटं असल्याने हज दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतो आणि जवळपास ३३ वर्षांनी त्याच ऋतूत येतो. १९८५ मध्ये ऑगस्ट, २०१८ मध्ये पुन्हा ऑगस्ट. आता तो उन्हाळ्यातून वसंताकडे आणि मग हिवाळ्याकडे चालला आहे, काही वर्षं हाजींना ऊन सौम्य मिळेल. पण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०४७ ते २०५२ या काळात हज पुन्हा अशा महिन्यांत येईल, जेव्हा लाल समुद्राची वाफ आणि तापलेलं वाळवंट एकत्र होतात, आणि हवामान बदलाने तो धोका वाढलेला असेल.

शिबिर संपल्यावर आजींची नात तो रुमाल गजावरून सोडून मला द्यायला आली. "अजून ओलाय," म्हणाली. तिच्या आजीच्या पट्टीवरचं ते 'एच' मी तिला पुन्हा दाखवलं, आणि डॉक्टरला विचारायचं वाक्य तिच्या वहीत लिहून दिलं. २०५० मध्ये ती पस्तिशीच्या आसपास असेल.